बझर वाजायच्या आत

दिल्लीत प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं तर माणूस दचकतो. काहीतरी घोटाळा आहे, असं त्याला वाटतं. इथली रीत वेगळी. प्रश्न आधी डायरीत चढतो, त्याला नंबर पडतो, मग तो टेबलाटेबलावरून फिरतो, मध्येच कुणी साहेब 'कृपया चर्चा करें' एवढंच लिहून तो खाली धाडतात, आणि चर्चा व्हायच्या आत साहेबांची बदली होते. संसदेत तारांकित प्रश्न विचारायचा तर आधी काही दिवसांची सूचना द्यावी लागते. महाराष्ट्राने बेळगावचा प्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला, तो अजून तिथेच बसलाय. निदान ते न्यायालय टिळक मार्गावर आहे. मराठी प्रश्नाला दिल्लीत ओळखीच्या माणसाच्या नावाचा पत्ता मिळाला, एवढं समाधान मानायचं.

अशा या शहरातल्या दूरदर्शनच्या मंडी हाउसने १९८५ साली साऱ्या देशाला एक घाईचा कार्यक्रम दाखवला, ही गोष्ट मला अजूनही अजब वाटते. 'क्विझ टाइम' त्याचं नाव. कॉलेजांचे संघ, त्यांच्यासमोर बझर, आणि मधोमध सिद्धार्थ बसू. त्याच वर्षी राष्ट्रीय राजधानी प्रदेशाच्या नियोजन मंडळाचा कायदाही झाला. दिल्लीच्या आजूबाजूचा मुलूख शिस्तीत कसा वाढवावा, हा त्या कायद्यापुढचा प्रश्न. त्याचं उत्तर ज्याला हवं त्याने संध्याकाळी सात वाजता गुरुग्रामच्या कुठल्याही चौकात उभं राहून पाहावं. बसूंच्या प्रश्नांना मात्र मोजके सेकंद असत. तेवढ्यात सांगा, नाहीतर पुढच्या संघाकडे.

तेव्हाच्या दूरदर्शनची चाल आठवली म्हणजे या घाईचं नवल कळेल. 'कृषिदर्शन'मध्ये खत किती घालावं हे इतक्या सावकाश सांगत की तेवढ्यात पीक वर आलं असतं. गुडगावच्या स्टुडिओत चित्रित होणारं 'हम लोग' संपताना अशोककुमार पडद्यावर येत आणि झाल्या भागातून काय घ्यायचं ते निवांत समजावत. घाई करणं हे असभ्यपणाचं लक्षण मानणारी ती संस्था. त्यात हे गृहस्थ आले. दिल्लीत बॅरी जॉन यांचा थिएटर अ‍ॅक्शन ग्रुप होता, पुढे शाहरुख खानही ज्यात नाटकं करत होता तो. बसू त्याच नाटकवाल्यांतले. त्यामुळे शब्द स्वच्छ, आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत, आणि कुठे थांबायचं याचा अंदाज पक्का. प्रश्न ते वाचत नसत, फेकत. झेलायची जबाबदारी आपली.

माझं कॉलेज दिल्लीत, त्यामुळे मुक्काम काकांकडे, रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. काका एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. काकू पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकवायच्या. त्या घरात 'क्विझ टाइम' म्हणजे तिघांची परीक्षा होती, आणि तिघांचे नापास व्हायचे प्रकार निराळे.

काकांना बहुतेक सगळं येत असे. फक्त ते बझर वाजल्यानंतर येत असे. पडद्यावरच्या मुलाने उत्तर दिलं, बसूंनी मान डोलावली, टाळ्या पडल्या, की काका खुर्चीत मागे रेलून म्हणत, "मला येत होतं." खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या डोक्यात प्रश्न रीतसर आत जायचा, संदर्भ काढले जायचे, जुनी फाइल सापडायची आणि उत्तर मंजूर होऊन बाहेर यायचं. चार पायऱ्या होत्या त्या. एकही गाळायची त्यांची तयारी नव्हती. "पटकन सांगितलेलं उत्तर बरोबर निघालं तरी ते बेजबाबदारच," असं त्यांचं मत होतं. नोकरीतल्या त्यांच्या गोपनीय अहवालांत याच गुणाबद्दल वर्षानुवर्षं 'उत्तम' शेरा पडला असणार.

काकूंचं उलट. चौथीच्या वर्गापुढे आयुष्य गेलेलं, त्यामुळे शांतता त्यांना सोसत नसे. प्रश्न पुरा व्हायच्या आत त्या काहीतरी बोलून टाकत. 'विच रिव्हर' एवढं कानावर पडलं की "अ‍ॅमेझॉन!" शास्त्रज्ञ म्हटलं की आइन्स्टाइन. कुणाचं तरी खोचक वाक्य असेल तर बर्नार्ड शॉ, आणि तो नसेल तर ऑस्कर वाइल्ड. यात गंमत अशी की काकूंचे गुण काकांपेक्षा नेहमी जास्त भरत. प्रश्न काढणाऱ्यांचीही एक ठरलेली वाट असते आणि काकू तिच्या तोंडाशीच उभ्या असत. काका याला ज्ञान म्हणायला तयार नव्हते. काकू म्हणायच्या, "गुण मिळाले ना? मग झालं." चाळीस पोरांचे पेपर तपासणाऱ्या बाईंचं हे मत ऐकून मला मराठी माध्यमाविषयी जरा काळजी वाटली होती.

माझी अडचण तिसरी. मला उत्तर यायचं, पण तोंडातून काढता यायचं नाही. आमची सगळी विद्या वाचलेली, ऐकलेली काहीच नाही. मनोरमा इयर बुक आणि कॉम्पिटिशन सक्सेस रिव्ह्यू यांनी मला जग दाखवलं, पण त्या जगातली माणसं एकमेकांना हाका कशा मारतात हे त्यांत छापलेलं नव्हतं. मी मोठ्याने "गोएथे" म्हणावं आणि पडद्यावरच्या मुलीने त्याच माणसाला काहीतरी भलत्याच नावाने बोलावून दहा गुण खिशात घालावेत. कामूला मी कित्येक वर्षं 'कॅमस' म्हणत होतो. तो भेटला असता तर त्याने ओ दिली नसती.

पण खरी मजा आमच्या घरात नव्हती. ती ब्लॉकमध्ये होती. दिल्लीचा उन्हाळा, घराघराच्या खिडक्या सताड उघड्या, कूलरची घरघर, आणि पाहायला सगळ्यांना जवळजवळ एकच कार्यक्रम. त्यामुळे समोरच्या, वरच्या, बाजूच्या अशा सगळ्या घरांतून एकच प्रश्न एकाच वेळी ऐकू येई, आणि उत्तरंही. वरचे सरदारजी भूगोलात पक्के. त्यांची गर्जना गॅलरीतून खाली येई, "ओए, मॅडागास्कर!" आमच्या काकांच्या चार पायऱ्यांपैकी दुसरी पायरी चालू असताना ती गर्जना आदळली की काका चिडत. आता उत्तर स्वतःचं म्हणून सांगता येत नाही ना! समोरचे बंगाली गृहस्थ मात्र कधी ओरडत नसत. त्यांचं सौम्य, दुरुस्ती करणारं उत्तर बसूंच्या उत्तरानंतर येई, आणि ते बसूंच्याच उत्तरात भर घालणारं असे. क्विझ ही मुळात कलकत्त्याची मिरासदारी. नील ओब्रायन यांनी १९६७ साली तिथल्या एका चर्चच्या सभागृहात सगळ्यांसाठी खुली क्विझ घेतली तेव्हापासून बंगाली माणूस प्रश्नाकडे माहेरच्या पाहुण्याकडे बघावं तसा बघतो. तळमजल्यावर एक तमिळ मुलगा आयआयटीची तयारी करत होता. त्याने विज्ञानाचा प्रश्न कधी दुसऱ्याला लागू दिला नाही. अशा रीतीने एका पिवळ्या सरकारी इमारतीत बारा घरांची राष्ट्रीय स्पर्धा चाले. बझर नव्हता, पंच नव्हता, गुणफलक नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी चार्टर्ड बसमध्ये काल कोण किती पुढे होतं याचा हिशेब होई आणि त्यात काका नेहमी दुसरे असत. पहिले कोण, यावर भांडण व्हायचं.

बक्षिसाची चर्चा त्या बसमध्ये कधी निघाली नाही. जिंकलेल्या कॉलेजाला काय मिळालं, कप मिळाला की पुस्तकं, याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. मॅडागास्कर माहीत असण्याचा सरदारजींना त्यांच्या खात्यात काडीचा उपयोग नव्हता. ना बढती, ना महागाई भत्ता. तरी माणूस बनियनवर गॅलरीत येऊन ओरडायचा. ज्या गोष्टीचं काही मोल नाही ती गोष्ट सगळ्यात आधी सांगायची, एवढीच ती चुरस.

चटकन उत्तर देता येत होतं याला आणखी एक कारण होतं. जग बऱ्यापैकी जागच्या जागी होतं. निदान आम्हाला तसं वाटायचं. काकांकडे एक जाड वही होती, त्यात सुवाच्य अक्षरात उत्तरं उतरवलेली. भारतातली राज्यं: २२. ग्रह: ९. सर्वांत लांब रेल्वे फलाट: खडगपूर. अशा गोष्टी एकदा पाठ केल्या की मरेपर्यंत पुरतील, अशा भरवशाने ती वही लिहिलेली होती. पहिला तडाखा राज्यांनी दिला. १९८७ साली मिझोराम, अरुणाचल आणि आपला गोवा आला, झाली २५. काकांनी खोडून लिहिलं. २००० साली २८, २०१४ साली २९, आणि २०१९ साली जम्मू-काश्मीरचं राज्य गेलं तेव्हा पुन्हा २८. वहीत त्या ओळीला आता एवढ्या दुरुस्त्या आहेत की एखाद्या वादग्रस्त सातबाऱ्याची नक्कल वाटावी. फलाटाचंही तेच. खडगपूरचा मान २०१३ साली गोरखपूरने घेतला आणि २०२३ साली हुबळीने १,५०७ मीटर लांबी दाखवून गोरखपूरला मागे टाकलं. प्लूटोला २००६ साली काढून टाकलं, तेव्हा काका खरोखर दुखावले. "कारणे दाखवा नोटीस तरी दिली होती का त्याला?" असं त्यांनी विचारलं.

कझाकस्तानबद्दल तर बोलूच नये. वही लिहिली तेव्हा तो स्वतंत्र देशच नव्हता. झाला तेव्हा राजधानी अल्माटी. १९९७ साली राजधानी उचलून अकमोला गावी नेली, पुढच्या वर्षी गावाचं नाव केलं अस्ताना, २०१९ साली नूर-सुलतान, आणि २०२२ साली पुन्हा अस्ताना. काका म्हणतात, त्यांनी आधी नीट टिपणी लिहून मग निर्णय घेतला असता तर हे झालं नसतं. दिल्लीनेही कुठे दम धरला? औरंगजेब रोड गेला, रेसकोर्स रोड गेला, राजपथ गेला, गुडगावचं गुरुग्राम झालं. पंतप्रधान कुठल्या रस्त्यावर राहतात, या प्रश्नाला आता आधी साल विचारावं लागतं.

आणि मग २००० सालच्या जुलैत 'कौन बनेगा करोडपती' आलं. पुढे अमिताभ बच्चन, पण कार्यक्रमामागे कोण? तेच, सिद्धार्थ बसू! ज्या माणसाने आम्हाला धावायला लावलं त्यानेच आता सगळ्यांना खुर्चीत बसवलं. ब्रिटनमध्ये १९९८ साली निघालेल्या कार्यक्रमाची ही भारतीय आवृत्ती, त्यामुळे नियम तिकडचे. पंधरा प्रश्न, एक कोटी रुपये, आणि पहिल्या पर्वात तर उत्तराला घड्याळच नव्हतं. माणूस पाणी पितो, वडिलांकडे बघतो, बायकोकडे बघतो, पुण्याला मित्राला फोन लावतो. मग संगीत धडधडतं. मग 'लॉक किया जाए?' मग जाहिराती. त्या अवधीत आमच्या ब्लॉकने चार खंडांच्या राजधान्या संपवल्या असत्या. घाईला त्या कार्यक्रमात एकच जागा उरली, अगदी दारातली. 'फास्टेस्ट फिंगर फर्स्ट'मध्ये बोटं चालवून आत शिरायचं आणि आत गेल्यावर निवांत व्हायचं. माझ्या मते पैशाचाच हा गुण. प्रश्न फुकट होता तोवर पळत होता. त्याच्या मागे शून्यं लागली तशी त्याने मांडी घातली.

हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत १९५६ साली 'ट्वेंटी-वन' नावाचा क्विझचा कार्यक्रम निघाला होता, बक्षिसं हजारो डॉलरांची. हर्ब स्टेम्पेल नावाच्या स्पर्धकाला तिथे उत्तरं तर आधी पुरवतच, पण ती देताना किती थांबायचं, ओठ कधी चावायचा, कपाळावरचा घाम कसा टिपायचा याचीही तालीम घेत. ज्याला उत्तर माहीत आहे त्याने ते न आठवल्याचा अभिनय करायचा! पुढे चार्ल्स व्हॅन डोरेन या त्याच्या प्रतिस्पर्ध्याने १९५९ साली सगळं कबूल केलं आणि अमेरिका हळहळली. मी हा किस्सा काकांना सांगितला. त्यांनी नेहमीप्रमाणे शांतपणे विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्यासारख्याला तिथे वाव होता. मला तालीम लागली नसती."

केबीसीत पहिला कोट्यधीश झाला तो मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, मराठी मुलगा. दिल्लीतल्या मराठी मंडळात त्या आठवड्यात प्रत्येकाचं त्याच्याशी काही ना काही नातं निघालं. काकू तर म्हणाल्या की तो चौथीत त्यांच्याच वर्गात असता तर आणखी लवकर बोलला असता. मधल्या काळात बसूंनी बीबीसी वर्ल्डवर 'मास्टरमाइंड इंडिया'ही केलं, १९९८ पासून. काळी खुर्ची, अंधार, एकट्यावर उजेड, प्रश्नांचा मारा. मूळ ब्रिटिश कार्यक्रमाची कल्पना बिल राइट यांना सुचली ती महायुद्धात गेस्टापोने त्यांची उलटतपासणी घेतली होती त्या आठवणीवरून. काकांना हा कार्यक्रम फार आवडे. दक्षता विभागाची चौकशी आली की असंच असतं म्हणत. २००१ साली नीना गुप्तांचा 'कमजोर कड़ी कौन' आला, त्यात वेग होता, पण प्रत्येक चुकीला अपमानही होता. तो फार टिकला नाही. अपमानाच्या बाबतीत दिल्लीकर स्वयंपूर्ण आहे, त्याला टीव्ही लागत नाही.

काका निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. क्वार्टर सुटलं, आता ते मुलाकडे नोएडाला असतात, ब्लॉकमधली माणसं कुठे कुठे गेली. काकू गेल्या. क्विझ कुणी घेत नाही, कारण घरातला कुठलाही प्रश्न अर्धा झाला की नातू फोन काढतो. काकांचा त्याला आक्षेप नाही. उत्तर शोधायला वेळ लागतो हे नातवाने कृतीने मान्य केलं, असंच ते धरतात.

मध्यंतरी त्यांना घेऊन मी ओल्ड राजिंदर नगरला गेलो होतो. आमच्या नात्यातला एक मुलगा तिथे यूपीएससीचा अभ्यास करतो. त्या भागात फिरताना सांगली, लातूर, नांदेड असं सगळं महाराष्ट्र मंडळ रस्त्यात चहा पीत उभं असतं. ज्ञानाची एवढी दाटी दुसरीकडे मी पाहिलेली नाही. एका खोलीत तीन कॉट, भिंतीवर भारताचा नकाशा, जगाचा नकाशा आणि राज्यघटनेची कलमं. खिडकी आहे, पण ती समोरच्या भिंतीत उघडते. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात दोन तासांत शंभर प्रश्न आणि चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण वजा, हे त्या मुलांनी काकांना समजावून सांगितलं. काकू तिथे बसल्या असत्या तर अ‍ॅमेझॉन आणि आइन्स्टाइन यांच्यामुळे शून्याखाली गेल्या असत्या. काकांना मात्र हा नियम एकदम पसंत पडला. बेजबाबदार उत्तराला दंड! एवढी वर्षं ते दुसरं काय म्हणत होते?

मग न राहवून त्यांनी एक प्रश्न टाकला. सर्वांत लांब फलाट. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नांदेडचा म्हणाला, "जगातला की भारतातला?" दुसरा म्हणाला, "दोन्हीचं उत्तर एकच आहे रे," आणि तिसरा हुबळी म्हणाला, पण भीत भीत, जणू समोर उत्तरपत्रिका आहे. काका म्हणाले, "असं नाही. ओरडून सांगायचं. चुकलं तर काही कापत नाही मी." मुलांना ते पहिल्यांदा पटेना. चुकलं तर काही जात नाही, असा प्रश्न त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा. काकांनी कझाकस्तान काढलं. तिघे एकदम बोलले, एकाने अस्ताना, एकाने नूर-सुलतान, आणि दोघांत असं जुंपलं की खालच्या घरमालकीणबाईंनी जिन्यातून विचारलं, क्या हुआ बेटा? काकांनी त्यांच्या नादी न लागता पुढचा प्रश्न सोडला, प्लूटो किती साली गेला. मग ग्रह, मग ब्रह्मदेशाची राजधानी. आठ वाजता मुलांची टेस्ट होती, मी घड्याळ दाखवलं, काकांनी काठी उचलली. लातूरचा मुलगा दार अडवून उभा राहिला.

"काका, अजून पाचच. आणि त्यातले दोन रॅपिड फायर."